अवघडवाली केमिस्ट्री

१२ जून

आज जिच्याशी भांडायचं होतं तिच्याशी भांडता आलं नाही, म्हणून ही वही काढली.

नाशिकच्या कॉलेजात प्रवेशाची चौकशी करायला गेले होते. आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तीन विषय घ्यायचे आणि पुढे त्यातला एक मुख्य धरायचा अशी पद्धत आहे. माझा मुख्य विषय केमिस्ट्रीच, त्यात वादच नाही. प्रश्न एवढाच की तिच्या जोडीला फिजिक्स आणि गणित घ्यायचं, का बॉटनी आणि झूलॉजी. गणितवाला ग्रुप अवघड आहे हे सगळेच सांगतात. पण मला केमिस्ट्री नुसती पाठ करायची नाही, ती कशी चालते ते बघायचंय, आणि त्याला गणित लागतं असं बारावीच्या सरांनी सांगितलं होतं.

टेबलामागे देवरे मॅडम बसल्या होत्या. केमिस्ट्रीच्या विभागप्रमुख. माझी मार्कशीट बघितली, केमिस्ट्रीत एक्क्याण्णव बघितले, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, पिंपळगाव बसवंतच्या पुढे. "द्राक्ष का?" हो. "घरी खता-औषधांचं दुकान आहे का?" आता हे काय विचारणं झालं? तरी मी सांगितलं, आहे, भावाचं आहे. तर बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मग बॉटनी-झूलॉजी घे. गणिताच्या ग्रुपला सीट अडवून ठेवू नकोस."

सीट अडवू नकोस. जसं काही मी एस.टी.त रुमाल टाकायला आले होते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की निमाणीच्या स्टँडपर्यंत तरातरा चालतच आले. दुकानदाराच्या घरची, खेड्यातली, म्हणून हिला गणित झेपणार नाही? डॉक्टरच्या मुलीला विचारतात का, घरी दवाखाना आहे का म्हणून?

१३ जून

पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "मॅडम बरोबर सांगती. सोपं असंल ते घे. केमिस्ट्री आहे ना त्यात? मग झालं."

हे मात्र खरं, की केमिस्ट्रीच्या बाबतीत पप्पा एकदम वेगळे वागतात. दहावीनंतर मी इंग्रजीत बी.ए. करीन म्हटलं तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर केली नव्हती. नर्सिंगचं काढलं तेव्हा म्हणाले, बघू. आणि परवा केमिस्ट्री म्हटल्याबरोबर पेढे आणले. आमच्या गावात पोरीच्या शिक्षणावर पेढे वाटणारा बाप दुसरा नसेल. संघर्षदादानेसुद्धा, जो मला कधी चार्जर देत नाही, स्वतःहून मोटारसायकलवर कॉलेजच्या बससाठी सोडलं. घरातलं हे प्रेम बघून ती देवरे मॅडम आणखीच डोक्यात जाते.

१६ जून

पप्पांचं नवीन म्हणणं असं, की नाशिकला जायचंच कशाला. इथे जवळच्या कॉलेजातही केमिस्ट्री आहे, तिथले एक सर ओळखीचे आहेत. "हजेरीचं ते बघून घेतील. परीक्षेला गेलीस तरी चालंल. दुपारी दुकानात बसत जा, अनुभव येईल."

मी म्हटलं, प्रॅक्टिकल? तर म्हणाले, त्याचंही बघून घेतील.

मला राग आला, पण पप्पांचा नाही. रोजच्या हायवेच्या प्रवासाची त्यांना काळजी वाटत असणार, आणि बापमाणूस काळजी सरळ बोलून दाखवत नाही. राग आला त्या ओळखीच्या सरांचा. प्रॅक्टिकल न करता केमिस्ट्री शिकवणारा माणूस म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवणारा. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना फ्लास्कमधलं पाणी अचानक गुलाबी होतं, ते "बघून घेणार" म्हणजे कोण, ते सर का?

२० जून

आज दुकानात बसले. दादा बाजारात गेला होता. खरं सांगायचं तर मला दुकानात बसायला आवडतं, कारण डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला मिळतात. एक आजोबा आले आणि करपा रोगावर काहीतरी द्या म्हणाले. मी विचारलं, आधी काय मारलं होतं? त्यांनी सांगितलं, तर दादा देतो त्या डब्यातही तेच द्रव्य निघालं, फक्त कंपनी वेगळी. मी तसं सांगितलं आणि त्यांना परत पाठवलं. दादा आल्यावर माझ्यावर खेकसला, आलेलं गिऱ्हाईक घालवलं म्हणून. मी म्हटलं, तू लेबल वाचतोस का कधी? तर म्हणाला, "वाचायला तर तुला शिकवतोय."

भिंतीवर संतोषदादाच्या पदवीची फ्रेम आहे, तिच्यावर धूळ बसली होती ती पुसली. हा संतोषदादा म्हणजे दादाच्या मित्राचा भाऊ. तो सटाण्याला राहतो आणि वर्षातून दोनदा येऊन जातो. दुसऱ्याच्या दुकानात आपली पदवी टांगून ठेवणारी माणसंही असतात. मी तर माझी माझ्या खोलीत लावीन.

२३ जून

आई सांगत होती, पुण्याचं एक स्थळ आलं होतं माझ्यासाठी, मुलगा इंजिनीअर. पप्पांनी फोनवरच नाही म्हणून टाकलं. म्हणाले, आमची पोरगी शिकणार आहे, आणि तिला लांब द्यायची नाय. आईला म्हणाले, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग सगळं घरातल्या घरात होईल.

मला भरून आलं. आईला म्हटलं, बघ, बाकीच्यांचे बाप स्थळ आलं की शाळा सोडवतात. आई गवारीच्या शिरा काढत बसली. तिला पुणं आवडलं असतं बहुतेक.

२७ जून

कॉलेजची यादी लागली, माझं नाव आहे. ग्रुप कळवायला चार दिवस दिलेत. घरात सगळ्यांचं एकमत, बॉटनी-झूलॉजी. मामाचं एकमत, शेजारच्यांचं एकमत, ज्यांना केमिस्ट्री आणि कंपोस्ट यातला फरक कळत नाही त्यांचंही एकमत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पण खरं लिहायचं तर मलाही भीती वाटते. बारावीच्या गणितात बासष्टच आहेत. देवरे मॅडम माझ्याकडे बघून जे समजल्या ते कदाचित बरोबर असेल, असंही मनात येतं. मग पुन्हा त्यांचं ते पेनाचं टोपण आठवतं आणि भीती जाऊन राग येतो. रागाच्या भरात विषय निवडायचा नसतो, हे मला कळतं. पण दुसऱ्या कशाच्या भरात निवडू? मला शांतपणे विचारतंय कोण?

२९ जून

दुकानातून आले ती सरळ वही काढली.

दुकानात कृषी खात्याचे साहेब आले तपासणीला. मी काउंटरवर होते, दादा गोणी लावत होता. साहेबांनी भिंतीवरची फ्रेम बघितली आणि विचारलं, "हे संतोष कुठे आहेत?" दादा म्हणाला, बांधावर गेलेत, प्लॉट बघायला. साहेब म्हणाले, मागच्या वेळीही बांधावरच होते. तेव्हा दादा हसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "साहेब, तीन वर्षं सांभाळून घ्या. ही बहीण केमिस्ट्रीलाच घातलीय. मग लायसन्स घरातलंच होईल, तुम्हाला पण त्रास नाय आणि आम्हाला पण नाय."

साहेब मला म्हणाले, "छान. शिक, बेटा."

आता कळलं घोडं कुठं पेंड खात होतं. औषधांच्या दुकानाला शिकलेला माणूस लागतो, विज्ञानाची पदवी किंवा तसलाच काही कोर्स केलेला. दादा बारावी सायन्सला दोनदा आपटला, मग आर्ट्सला गेला, म्हणून संतोषदादाची पदवी भिंतीवर. आणि आता तिच्या जागी माझी. पेढे त्याचेच. चार्जर न देणारा भाऊ बसला सोडतो ते त्याचंच. बॉटनी घ्यायची कारण पास व्हायला सोपी. प्रॅक्टिकल नको कारण फ्रेमला प्रॅक्टिकल लागत नाही.

आणि देवरे मॅडम. त्यांनी विचारलं, घरी दुकान आहे का. किती पोरी बघितल्या असतील त्यांनी, नावाला प्रवेश घेऊन प्रयोगशाळेत कधीच न आलेल्या. मी सतरा दिवस त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पेढे गोड मानून खाल्ले.

३० जून

सकाळीच बागेत गेले. पप्पा द्राक्षावर फवारायचं बोर्डोचं मिश्रण करत होते. मोरचूद एका ड्रममध्ये, चुना दुसऱ्यात. लहानपणापासून तपासायचं काम माझं. मिश्रणात विळा बुडवून धरायचा आणि पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना पाहिजे, नाहीतर पानं जळतात. तो थर का येतो हे मला बारावीत कळलं. लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या जागी येऊन बसतं. त्या दिवसापासून मला दुसरा विषय नकोच झाला. हे मी पप्पांना तेव्हाही सांगितलं होतं, पण ते म्हणाले होते, थर आला का नाय एवढं सांग.

त्यांनी सवयीने विळा माझ्या हातात दिला. मी तो बुडवला नाही. विचारलं, "मला दुकानासाठी केमिस्ट्रीला घालताय का?"

पप्पा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मग त्यात वाईट काय? तुझ्याच नावानं लायसन्स निघंल. दुकान तुझंच म्हणायचं."

"आणि चालवणार कोण?"

"संघर्ष चालवतो ना. तू फक्त सही करायची. तुला काय त्रास?"

"मला शिकायचंय, पप्पा."

"शिक की, कोण नाय म्हणतंय? पण शिकून कुठं जायचं ते घरानं ठरवायचं. भावाचं पोट हाय त्याच्यावर. बाहेरच्या माणसाच्या सहीवर दुकान किती दिवस चालवायचं?"

वाईट याचं वाटलं, की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटतं की ते मला काहीतरी देतायत. मी ओरडायला हवं होतं, पण ओरडायला समोर गुन्हेगार लागतो आणि तिथे नुसते पप्पा उभे होते, हाताला चुना लागलेले. मी विळा ड्रमवर ठेवला आणि घरी आले.

घरी आईवर मात्र ओरडले. तुला माहीत होतं का? तर म्हणे, होतं. "पुण्याचं स्थळ त्याच्यासाठीच मोडलं. तुला पिंपळगावातच द्यायची, म्हणजे सही जवळ राहती."

सही जवळ राहती. पोरगी नाही, सही. मी म्हटलं, आणि तू गवार निवडत बसलीस? ती म्हणाली, "माझं काय चालतं, तेजू." मी म्हटलं, चालवून तरी बघितलंस का एकदा? मग मी दार आपटून खोलीत बसले आणि जेवले नाही. जेवणावर राग काढू नये म्हणतात, पण घरात दुसरं काय माझ्या हातात आहे?

१ जुलै

आज ग्रुप कळवायचा शेवटचा दिवस.

मी उठले तर आई ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसलेली. पप्पांनी विचारलं, बागेत नाय येणार? ती म्हणाली, "नाय. हिच्यासंगं नाशिकला चाललेय." पप्पा म्हणाले, कशाला? ती म्हणाली, "कामाय." मी माझ्या आयुष्यात तिला पप्पांना एवढं तोडून उत्तर देताना ऐकलं नव्हतं.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मी अजून रागावलेलीच होते.

देवरे मॅडमनी मला ओळखलं. म्हणाल्या, काय ठरवलं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मॅडम, हिला अवघडवाली केमिस्ट्री द्या. सोपी घेतली तर घरचे परत घेऊन जातील."

मॅडमनी माझी मार्कशीट पुन्हा बघितली. मग मला म्हणाल्या, "गणितात बासष्ट आहेत तुला."

मी म्हटलं, "हो."

"दिवाळीआधी रडत येशील. मी ग्रुप बदलून देणार नाही."

"रडत येईन," मी म्हटलं, "पण बदलून मागणार नाही."

त्यांनी केमिस्ट्री, फिजिक्स, गणित असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही माझी. अठरा पूर्ण झालीत, दुसऱ्या कोणाची लागत नाही. बाहेर आल्यावर आईने मला विचारलं, भूक लागली का. मी कालपासून जेवले नव्हते हे तिच्या लक्षात होतं. आम्ही स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिने माझ्या ताटात तिची शेव टाकली आणि म्हणाली, "मला गणित आवडायचं. सातवीपर्यंत." मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, मीही घरच्यांसारखीच.

४ जुलै

घरात युद्ध. मी सांगून टाकलं, पदवी मिळाली तरी दुकानाला माझी सही मिळणार नाही. दादा म्हणतो, मी त्याच्या पोटावर पाय दिला. मी म्हटलं, तुझं पोट तुझ्या पायावर उभं कर की. आयत्या बिळावर नागोबा. तसले कोर्स निघालेत, दुकानदारांसाठीच, एक वर्षाचे, रविवारी असतात. तूच कर ना. तर म्हणतो, मला अभ्यास होत नाय. मला मात्र झाला पाहिजे, त्याच्यासाठी.

पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. मोटारसायकलवर हायवेपर्यंत सोडतात, वळतात, जातात. मी मागे बसून त्यांच्या पाठीशी रोज भांडते, आवाज न करता.

९ ऑगस्ट

अवघड म्हणजे किती अवघड हे मला माहीत नव्हतं. गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा. शेजारची शहरातली मुलगी सहज म्हणाली, "हे तर क्लासमध्ये झालं होतं ना आपलं." आपलं म्हणे. कुठला क्लास?

देवरे मॅडमच्या केबिनबाहेर गेले होते, रडायलाच. त्या आतून म्हणाल्या, "दिवाळी लांब आहे अजून." मग आत बोलावलं आणि तासभर एकच गणित करून घेतलं, सहा वेळा. एकदाही शाबास म्हणाल्या नाहीत. फार कडक बाई आहे. सातव्यांदा मी स्वतः केलं.

प्रॅक्टिकलला मात्र माझं रीडिंग सगळ्यांत आधी जुळलं.

१४ सप्टेंबर

आज घरी आले तर पुन्हा पेढे. मला बघून दादाने डबा लपवला, तेव्हाच पाल चुकचुकली.

दादाचं लग्न ठरवतायत. मुलगी लासलगावकडची, नाव निकिता. आईने हळूच सांगितलं, बघायला गेले तेव्हा पप्पांनी तिचं वय विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. विचारलं फक्त, "बी.एस्सी. कशात?" ती म्हणाली केमिस्ट्री, तर पप्पा आणि दादा एकमेकांकडे बघून हसले. पुढच्या रविवारी सुपारी फोडायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरली नाही. मी सुटले म्हणून माझ्या जागी दुसरी आणून बसवायची? मी काय माझी मान सोडवून तिच्या गळ्यात फास अडकवला? पोरीला काही माहीत नसणार. तिला वाटत असेल, किती चांगली माणसं, शिक्षणाची कदर करतात. माझंही असंच झालं होतं.

आईकडून तिचा नंबर घेतला. उद्या फोन करणार. घरात काय व्हायचं ते होवो.

१५ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे जाऊन फोन केला. सांगितलं, मी तेजस्विनी, संघर्षची बहीण. काय सांगायचं ते रात्रीच ठरवलं होतं, एका दमात सगळं सांगून टाकलं. लायसन्स, संतोषदादा, माझी केमिस्ट्री, सगळं. म्हटलं, "ताई, त्यांना तुम्ही नको आहात, तुमची पदवी हवीय. अजून वेळ आहे, नाही म्हणा."

मला वाटलं, आता ही रडणार.

पण ती म्हणाली, "अगं, मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या मावसबहिणीचं असंच झालंय. तुझ्या पप्पांनी चहासुद्धा पदवी बघून झाल्यावर घेतला."

"मग?"

"मग मी सांगितलं त्यांना. सही पाहिजे असेल तर दुकान मी चालवणार. सकाळी उघडणार मी, माल मागवणार मी, काय विकायचं आणि काय नाही ते ठरवणार मी. मला औषधांतलं कळतं आणि मला दुकान टाकायचंच होतं, घरच्यांनी टाकून दिलं नाही. तुझे पप्पा म्हणाले, विचार करून सांगतो. काल हो म्हणाले."

एवढा राग गोळा करून आणला होता, आता तो कुठे ठेवू? पप्पांनी हे मला तर कधी दिलं नव्हतं. पण मी मागितलं नव्हतं हेही खरं, आणि मला ते नको होतं हेही खरं. तरी राग आलाच. बाहेरच्या मुलीने अट घातली तर ऐकतात, घरच्या मुलीने घातली असती तर उद्धट म्हणाले असते.

"एक विचारू का?" निकिता म्हणाली. "मी दिवसभर दुकानात असणार. तुझ्या आई बागेत. मग तुझ्या भावाला स्वयंपाक येतो का?"

"चहासुद्धा येत नाही."

"अच्छा," ती म्हणाली. "लग्न दिवाळीनंतर आहे. तेवढा वेळ पुरेल ना?"

मी म्हटलं, पुरवू. मग लगेच आईला फोन लावला आणि सांगितलं, उद्यापासून दादाला कणीक मळायला बसव. आईने विचारलं, का गं? मी कारण सांगितलं. आई इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "उद्यापासून कशाला, आज संध्याकाळीच बसवते."